जुन्या मोटारीची पेट्रोलची भूक

"गाडी म्हातारी झाली, आतां ती पेट्रोल पिणारच," असें म्हणून पुष्कळ कुटुंबें दरमहा निमूटपणें जादा पैसे मोजीत असतात. परंतु वय हा कांहीं रोग नव्हे. १९८३ सालीं प्रथम रस्त्यावर आलेली मारुति ८०० असो, कीं शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची पद्मिनी असो, तिच्या टांकींतील पेट्रोल नाहींसें होत नाहीं. तें कोठें तरी जातें. तें कोठें जातें हें शोधण्याची रीत आम्ही येथें सांगूं इच्छितों.

पहिली गोष्ट म्हणजे मोजमाप. 'गाडी अॅव्हरेज देत नाहीं' हें म्हणणें अंदाजानें करूं नये. एकाच पंपावर टांकी तोंडापाशीं भरावी, किलोमीटरचा आंकडा टिपावा आणि दोनएकशें किलोमीटर गाडी चालवून त्याच पंपावर टांकी पुन्हां तशीच भरावी. जितके लिटर पेट्रोल मावेल, तितक्यांनीं अंतरास भागावें. असें दोन-तीन वेळां केल्यावांचून निष्कर्ष काढूं नये.

मोजणी कोणत्या वाटेवर केली, हेंही पाहिलें पाहिजे. पोलादपूरहून आंबेनळीच्या घाटानें महाबळेश्वर सुमारे ४० किलोमीटर; पण चढ सुमारे १३०० मीटरांचा. माणसांसह १००० किलोग्रॅम वजनाची गाडी इतकी उंच नेण्यास सुमारे १ कोटि २७ लक्ष जूल शक्ति लागते. एक लिटर पेट्रोलांत सुमारे ३ कोटि २० लक्ष जूल असतात. त्यांतील चौथा हिस्साच चाकांच्या कामीं येतो असें धरलें, तर केवळ चढापायीं दीड लिटरांहून अधिक पेट्रोल जातें. तो दोष गाडीचा नव्हे, सह्याद्रीचा! म्हणून तुलना करावयाची ती महाड-माणगांवसारख्या त्यामानानें सपाट वाटेवर करावी.

आतां तपासणी. जें फुकट किंवा स्वस्त, तें आधीं पाहावें. गाडी थंड असतांना टायरांतील हवा मोजावी; हवा कमी असली कीं टायर जमिनीवर पसरतो व गाडी ओढण्यास जोर अधिक लागतो. मग सपाट जागीं गियर काढून व हातब्रेक सोडून गाडी हातानें ढकलून पाहावी. ती अडखळत असेल, तर एखादा ब्रेक चिकटत असावा. ब्रेक फारसा न दाबतां थोडें अंतर जाऊन चारही चाकांजवळ हात न्यावा, मात्र स्पर्श करूं नये. एकच चाक अधिक तापलेलें आढळल्यास चोर सांपडला! आपल्याकडे ही तपासणी विशेष अगत्याची आहे. जुलै २०२१ मध्यें सावित्री-गांधारीच्या पुरानें महाड शहर बुडालें. अशा पुरांत बुडालेल्या गाडीच्या ब्रेकमध्यें व हातब्रेकच्या तारेंत गंज धरतो, चाकांच्या बेअरिंगमधील ग्रीस बिघडतें आणि त्याचा त्रास पुढें दीर्घकाळ होतो.

चाकें निर्दोष असतील, तर इंजिनाकडे वळावें. एक भाग पेट्रोल नीट जळण्यास वजनानें सुमारे १४.७ भाग हवा लागते. तांबड्या धुळीनें एअर फिल्टर कोंदला, चोक पुरता उघडला नाहीं किंवा कार्बुरेटरच्या फ्लोटची सुई झिजली, कीं पेट्रोल अधिक व हवा कमी पडते. त्याची साक्ष स्पार्क प्लग देतो. त्याचें टोक फिकट विटकरी असल्यास ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल वायां जात आहे असें समजावें. इंजिन तापूं नये म्हणून कित्येकजण थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्यामुळें इंजिन थंडच राहून अधिक पेट्रोल मागतें. इंजेक्शनच्या गाडींत हेंच काम तापमानाचा किंवा ऑक्सिजनचा बिघडलेला सेन्सर करतो. महाबळेश्वरीं हवेचा दाब समुद्रकांठाहून सुमारे एक सप्तमांश कमी असल्यानें खालीं जुळविलेला कार्बुरेटर वर थोडा काळा धूर सोडतो. तेवढ्यावरून त्याचे स्क्रू फिरवूं नयेत.

हल्लींच्या पेट्रोलांत शेंकडा २० पर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉलची उष्णता लिटरमागें सुमारे एक तृतीयांश कमी. म्हणून गाडी शेंकडा सहा-सातपर्यंत कमी धांवल्यास नवल नाहीं. परंतु जुन्या गाडीच्या रबरी नळ्या या मिश्रणासाठीं बनविलेल्या नसतात. त्या फुगतात, चिरतात व पाझरतात. पेट्रोलचा वास आल्यास गाडी चालूं न करतां प्रथम नळ्या तपासवाव्या, कारण तेथें पैशांपेक्षां आगीचें भय मोठें आहे.

शेवटीं पालकांस एक विनंति. पेट्रोल वाचविण्यासाठीं कशेडी वा आंबेनळीचा घाट उतरतांना गाडी न्यूट्रल करूं नये, इंजिन तर मुळींच बंद करूं नये. इंजिनाचा आवर सुटला कीं सर्व भार ब्रेकवर पडतो आणि तापलेला ब्रेक ऐन वळणावर दगा देतो. इंजेक्शनच्या गाडींत तर गियरमध्यें असतांना पाय उचलल्यास उतारावर पेट्रोल आपोआप बंद होतें. न्यूट्रलमध्यें उलट तें जळत राहतें.

विद्यार्थिमित्रांनीं एक वही करून तींत तारीख, किलोमीटर, लिटर व दुरुस्ती लिहीत जावी. एका वेळीं एकच दुरुस्ती करून पुन्हां मोजावें, म्हणजे गुण कशानें आला हें कळेल. दोन आण्यांच्या दोषासाठीं शंभर रुपयांचा भाग बदलण्याची पाळी मग घरावर येणार नाहीं, आणि शाळेंत शिकलेला भागाकार घरच्या उपयोगीं पडेल.