हिरवे पाणी आणि क्लोरीनचे मापन

तरणतलावाचे पाणी हिरवे पडले की पाहणारा लगेच म्हणतो, शेवाळ धरले, औषध टाका. औषध कोणते व किती, हा प्रश्न मागाहून सुचतो; पाण्यात आधी काय आहे, हा बहुधा सुचतच नाही. या दृष्टीने २०१६ साली रिओ द जानेरो येथील ऑलिंपिक सामन्यांत जे घडले ते अभ्यसनीय आहे. ९ ऑगस्ट रोजी मारिया लेंक जलक्रीडा केंद्रातील, सूर मारण्याच्या स्पर्धेच्या तलावाचे निळे पाणी हिरवे झाले व पाठोपाठ शेजारच्या तलावाचेही. प्रथम पाण्याची अल्कता घटल्याचे कारण पुढे करण्यात आले. अखेरीस आयोजकांनी जाहीर केले की, ५ ऑगस्ट रोजी एका कंत्राटदाराने त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतले होते.

पेरॉक्साइड हेही जंतुनाशकच. परंतु दोन जंतुनाशके एकत्र आल्याने बळ दुणावते, ही समजूत भाबडी होय. क्लोरीन व पेरॉक्साइड परस्परांस निष्प्रभ करतात. ऑक्सिजन वायू निघून जातो आणि मागे उरते ते क्लोराइड, म्हणजे आपल्या मिठातील क्लोरीनचे निरुपद्रवी रूप. हिशेबाने पाहता ३४ ग्रॅम पेरॉक्साइड ७१ ग्रॅम क्लोरीन खर्ची घालते. संरक्षण असे नाहीसे झाल्यावर उघड्यावरील, सूर्यप्रकाशातील पाण्यात शेवाळास आणखी काय हवे? दुसऱ्या तलावात तालबद्ध जलतरणाच्या स्पर्धा व्हावयाच्या होत्या; तेथील सुमारे ३७ लाख लिटर पाणी काढून टाकून नवे भरावे लागले.

तेव्हा पाण्यात क्लोरीन 'आहे' एवढे कळून भागत नाही. ते कोणत्या रूपात आहे, हे कळले पाहिजे. घाम, मूत्र इत्यादींतील नायट्रोजनयुक्त द्रव्यांशी संयोग पावलेले क्लोरीन जवळजवळ निकामी असते. ज्याला लोक 'क्लोरीनचा वास' म्हणतात तो मुख्यतः याच संयुगांचा. ऑर्थोटॉलिडिन घालून पिवळा रंग पाहण्याची जुनी रीत मुक्त व संयुक्त क्लोरीनची बेरीजच दाखवते. ए. टी. पॅलिन यांनी १९५७ साली मांडलेल्या डीपीडी पद्धतीने ही अडचण दूर केली. मुक्त क्लोरीन या दर्शकास तत्काळ गुलाबी करते. पुढे पोटॅशियम आयोडाइड घातल्यावर जो रंग वाढतो, तो संयुक्त क्लोरीनचा. मात्र येथे एक सापळा आहे. क्लोरीन फारच अधिक असल्यास गुलाबी रंग उमटताच विरंजित होतो आणि परीक्षकाला वाटते, क्लोरीन शून्य. शंका येताच नमुना ऊर्ध्वपातित पाण्याने पातळ करून पुन्हा तपासावा.

मुक्त क्लोरीनचे सामर्थ्यही पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएच-मूल्यावर, अवलंबून असते. जंतूंचा नाश मुख्यतः हायपोक्लोरस आम्ल करते. सामू ७.५ च्या आसपास असता मुक्त क्लोरीनचा निम्मा भाग या रूपात असतो, ८.५ असता जेमतेम दहावा. म्हणून सामू आधी तपासून सुधारावा, मग क्लोरीनची मात्रा द्यावी. (आम्ल व क्लोरीनचे द्रव्य एकमेकांत कधीही मिसळू नये, विषारी वायू सुटतो.)

तिसरी तपासणी सायन्युरिक आम्लाची, आणि उपेक्षा होते ती हिचीच. हे द्रव्य क्लोरीनला उन्हापासून वाचवते, पण त्याला बांधूनही ठेवते. ट्रायक्लोरच्या वड्यांतून लिटरमागे १० मिलिग्रॅम क्लोरीन मिळाले की सुमारे ६ मिलिग्रॅम सायन्युरिक आम्लही पाण्यात जाते. क्लोरीन खर्च होते, आम्ल साचत राहते. अशा तलावात दर्शक गुलाबी होतो आणि शेवाळही वाढते. रखवालदार चक्रावून आणखी वड्या टाकतो. मेलॅमिनच्या द्रावणाने येणाऱ्या गढूळपणावरून हे प्रमाण कळते. ते फार वाढले असल्यास काही पाणी उपसून ताजे भरणे, हाच व्यवहार्य उपाय.

प्रत्येक हिरवेपणा शेवाळाचा नसतो, हेही ध्यानी धरावे. पाणी नितळ असूनही हिरवट दिसत असेल, तर तांब्याची तपासणी करावी. तांबेयुक्त शेवाळनाशकांतून ते येते. सोनेरी केस हिरवे होतात तेही तांब्यामुळे, दोष मात्र क्लोरीनला मिळतो.

शेवाळ ठरल्यास मुक्त क्लोरीन सायन्युरिक आम्लाच्या प्रमाणात वाढवून, वारंवार मोजून त्या पातळीवर टिकवावे, भिंती घासाव्यात व गाळणी अखंड चालवावी. तोवर तलाव बंद ठेवणे अपरिहार्य आहे, कारण गढूळ पाण्यात तळाशी गेलेला माणूस वरून दिसत नाही. पाणी निळे दिसू लागले म्हणून काम संपत नाही. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी मुक्त क्लोरीन मोजावे. रात्रीत घट लिटरमागे १ मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि संयुक्त क्लोरीन ०.५ मिलिग्रॅमच्या वर नसावे. रात्री ऊन नसते. तेव्हा जे क्लोरीन घटते, ते पाण्यात अद्याप उरलेल्या सेंद्रिय द्रव्यानेच खाल्लेले असते.