घर हीच शाळा : आदिलाबादच्या मराठी पालकांपुढील वाटा

शाळा सोडणे आणि शाळा सुटणे या दोन गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी त्यांत मोठे अंतर आहे. पुण्या-मुंबईत किंवा हैदराबादेत मुलाला शाळेत न घालता घरीच शिकविण्याचा निर्णय एखादे कुटुंब घेते, तेव्हा तो बहुधा विचारपूर्वक निवडलेला मार्ग असतो. पेनगंगेच्या काठावरील बेला, जैनद किंवा तामसी मंडळातील मराठी कुटुंबात मूल घरी राहते, ते मात्र अनेकदा निराळ्या कारणाने: मराठी माध्यमाचे वर्ग गावात पुढे नसतात, शिक्षक नसतो, किंवा तेलुगू माध्यमात मुलाचे मन रमत नाही. या दुसऱ्या स्थितीला ‘गृहशिक्षण’ असे गोंडस नाव देऊन कोणी मोकळे होऊ नये. म्हणून पालकांनी प्रथम स्वतःलाच विचारावे, की आपण मुलाला घरी शिकवू इच्छितो, की शाळा उपलब्ध नाही म्हणून ते घरी बसले आहे?

उत्तर दुसरे असेल तर आधी शासनाचे दार ठोठवावे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखाकडे गेले, तर नांदेडकडील मुधोळ इकडे आले. सीमारेषा कोठेतरी आखावीच लागते. पण तिच्या अलीकडे राहिलेल्यांना वाऱ्यावर सोडलेले नाही. त्याच वर्षीच्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत कलम ३५०-अ आले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याच्या पुरेशा सोयी पुरविण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे ते सांगते. त्याआधी, १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक मापही ठरविले होते : एका भाषेची मुले शाळेत ४० किंवा वर्गात १० असतील, तर त्यांच्या भाषेचा शिक्षक द्यावा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ देखील शक्य तेथवर मातृभाषेतून शिकविण्याचा आग्रह धरते. गावातील दहा पालकांनी मुलांची नावे, वये आणि सध्याची इयत्ता एका कागदावर लिहून मंडल शिक्षणाधिकाऱ्यांकडे दिलेला व पोच घेतलेला अर्ज हा एकट्या घरातील कितीही चांगल्या अभ्यासापेक्षा अधिक मुलांच्या उपयोगी पडतो.

जाणीवपूर्वक घरची वाट निवडणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. ती कायदेशीर आहे का, ही शंका सर्वप्रथम येते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वयाच्या मुलास नजीकच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे त्याचे कलम १० म्हणते. मात्र ते न पाळणाऱ्या पालकाला दंड वा शिक्षा या कायद्यात नाही. गृहशिक्षणाला त्यात स्पष्ट परवानगी नाही आणि स्पष्ट मनाईही नाही. याच संदिग्धतेत देशभरातील अनेक कुटुंबे आपली मुले घरी शिकवीत आहेत. परतीची वाट मात्र कायद्याने निःसंदिग्धपणे खुली ठेवली आहे. कलम ४ प्रमाणे शाळेबाहेरील मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात घ्यावे लागते आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. वयाचा पुरावा नाही, या सबबीवर प्रवेश नाकारता येत नाही. प्रयोग फसला तर मुलाचे दार कायमचे बंद होत नाही, ही जाणीव पालकांना धीर देणारी आहे.

घरच्या अभ्यासाला प्रमाणपत्राचे बळ हवे असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस, हा सर्वांत भक्कम आधार. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या या केंद्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र हैदराबादेत आहे. तिच्या मुक्त मूलभूत शिक्षणातील अ, ब आणि क हे स्तर अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीचे मानले जातात. दहावीसाठी १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. एकदा नाव नोंदविले की पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, त्यामुळे एकेक विषय सवडीने सोडविता येतो. माध्यमिक स्तरावर मराठी आणि तेलुगू या दोन्ही माध्यमांची सोय आहे. राज्याच्या तेलंगणा मुक्त विद्यालय संस्थेतूनही दहावी आणि इंटरमीजिएट करता येते. शुल्क भरण्यापूर्वी त्या वर्षीची माध्यमांची यादी आणि परीक्षाकेंद्र तेवढे पाहून घ्यावे. महाराष्ट्राच्या मुक्त विद्यालय मंडळाकडे वळणाऱ्यांनी प्रथम रहिवासाची अट वाचावी.

आता पुस्तकांविषयी. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. कुमारांच्या वाचनासाठी तिचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून चालू आहे. मराठी विश्वकोशही घरबसल्या वाचता येतो. लहानांसाठी ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी आणि तेलुगू गोष्टी शेजारीशेजारी सापडतात, तर टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकविणाऱ्या अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे. पालकांच्या स्वतःच्या वाचनासाठी पुण्याचे ‘पालकनीती’ आहे. वाचन-लेखनाची सुरुवात कशी करून द्यावी, हे ज्यांना उमगत नाही त्यांनी पालघर जिल्ह्यातील ‘क्वेस्ट’ या संस्थेचे मराठी साहित्य पाहावे. नेटवर्क बेताचे असलेल्या गावांत एकदा शहरात जाऊन सारे भ्रमणध्वनीत साठवून आणणे हाच उपाय.

घरच्या भाषेतून शिकण्याचा प्रयोग या भूमीला नवा नाही. १९४० च्या कोमरम भीम यांच्या उठावानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हैमेंडॉर्फ यांना येथे धाडले. १९४३ मध्ये मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि गोंडीची वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. मारलवाई आज आसिफाबाद जिल्ह्यात आहे. आदिलाबादच्या नारनूर मंडळातील गुंजाळा गावात तर गोंडीची स्वतःची लिपी हस्तलिखितांतून टिकून राहिली आणि २०१८ मध्ये तिला युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

मराठीच्या प्रेमात तेलुगूकडे पाठ फिरविणे मात्र मुलाच्या हिताचे नाही. २०१८ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत दहावीपर्यंत तेलुगू अनिवार्य केले आहे. घरी शिकणाऱ्या मुलावर ते बंधन येत नसले, तरी बाजार, रुग्णालय आणि तहसील कचेरी यांची भाषा तीच आहे. आदिलाबादचे मूल शेजाऱ्यांत खेळता खेळता तेलुगू बोलू लागते. वाचणे मात्र कोणीतरी बसून शिकवावे लागते.

एकटेपणा ही गृहशिक्षणाची खरी अडचण. ‘स्वशिक्षण’ ही गृहशिक्षण करणाऱ्या भारतीय कुटुंबांची संघटना आहे. तिच्यातून अनुभवी पालकांशी संपर्क होऊ शकतो. गावात तीन-चार घरांनी मुलांना आलटून पालटून शिकविणेही सुखाचे होते. परंतु शुल्क घेऊन, फलक लावून नियमित वर्ग भरवू लागल्यास ती मान्यता नसलेली शाळा ठरू शकते. तशा शाळेला कलम १८ प्रमाणे एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांची गोष्ट सर्वस्वी वेगळी. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना घरी राहून शिकण्याचा हक्कच दिला आहे. मंडळ पातळीवरील ‘भविता’ केंद्रांतील प्रशिक्षित व्यक्ती अशा मुलांच्या घरी येऊन शिकवितात. ही मदत मागावी लागते. तिची माहिती दारी येईल या आशेवर राहू नये.

शेवटी एक कागद, ज्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. २०१८ च्या राष्ट्रपती आदेशानुसार राज्यातील थेट भरतीच्या ९५ टक्के जागा स्थानिक उमेदवारांसाठी आहेत आणि स्थानिकत्व ठरते ते मुख्यतः पहिली ते सातवीचे शिक्षण कोठे झाले यावरून. राज्याची सीमा ओलांडून किनवटला किंवा पांढरकवड्याला मराठी शाळेत धाडलेले मूल त्या वर्षांपुरते येथले राहत नाही, हे त्याच्या आईवडिलांना पुष्कळदा नोकरीचा अर्ज भरतानाच कळते. घरी शिकलेल्या मुलाजवळ शाळेचा दाखलाच नसतो. अशा वेळी तहसीलदारांनी दिलेला त्या वर्षांच्या वास्तव्याचा दाखला ग्राह्य धरला जातो. तो मीसेवा केंद्रातून मागता येतो. त्यासाठी शिधापत्रिका, आधार, लसीकरणाची नोंद आणि वीजदेयके मूल लहान असल्यापासून एका पिशवीत जपून ठेवावीत, कारण सातवीचे वय उलटून दहा वर्षांनी मागील वास्तव्याचा पुरावा शोधणे फार कठीण जाते.