प्रोस्टेटमध्ये बिया बसवल्यावर डोस कमी दिसला? आधी सूज उतरू द्या

इंदूर : मल्हारगंजातलं मराठी घर असो की बेळगाव-बिदरचं, आजोबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की उपचारांच्या यादीत ‘ब्रॅकीथेरपी’ हा शब्द कानावर येतो. तिच्या एका प्रकारात किरणोत्सारी आयोडीन-१२५ च्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या बिया सुईने थेट ग्रंथीत बसवतात. त्या कायम आतच राहतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा बिया भारतातच विकसित केल्या आहेत.

सुजेने काय होतं?
इतक्या सुया टोचल्यावर ग्रंथी सुजणारच. काहींची दीडपटही होते. ग्रंथी फुगली की बिया एकमेकींपासून लांब जातात. अंतर वाढलं की मारा झपाट्याने कमी होतो. एका बीपासून ५ मिलिमीटरवरची पेशी ६ मिलिमीटरवर गेली, तर तिला मिळणारा डोस साधारण ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून लगेच काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये डोस कमी दिसू शकतो.

मग एक महिना का थांबायचं?
सूज हळूहळू उतरते, बिया पुन्हा जवळ येतात. आयोडीनची ताकद निम्मी व्हायला सुमारे ६० दिवस लागतात. म्हणजे पहिल्या महिन्यात जेमतेम ३० टक्के डोस खर्च होतो, बाकीचा सूज उतरल्यावर मिळतो. म्हणूनच महिन्याभरानंतरचा स्कॅन जास्त भरवशाचा. पॅलेडियम-१०३ च्या बियांचं गणित वेगळं. त्यांची ताकद १७ दिवसांतच निम्मी होते, त्यामुळे सुजेचा फटका त्यांना जास्त बसतो.

बी सरकली तर?
एखादी बी लघवीवाटे बाहेर पडते, तर एखादी रक्तवाहिनीतून फुप्फुसात जाते. एक-दोन बियांनी सहसा अपाय होत नाही. धोका वेगळाच आहे: जिथून बी हलली तिथे गाठीचा कोपरा कोरडा राहू शकतो, किंवा ती मूत्रमार्ग वा गुदाशयाजवळ सरकली तर तिथे जादा डोस बसतो. हे टाळायला विरघळणाऱ्या दोऱ्यात ओवलेल्या बियाही वापरतात.

घरच्यांनी काय करावं?
बरं वाटतंय म्हणून महिन्याचा स्कॅन चुकवू नका. गावी परतायचं असेल तर परतीची तारीख आधीच ठरवा. कुठे डोस कमी पडला हे वेळेत कळलं, तर डॉक्टरांना पुढचा उपचार ठरवता येतो. लघवीतून बी पडली तर हात लावू नका, चिमट्याने उचला आणि रुग्णालयाला कळवा. आणि लघवी अडलीच, तर स्कॅनच्या तारखेची वाट न बघता तडक दवाखाना गाठा.