उद्गारचिन्हाची पन्नास वर्षं

१९९९ साली दोन गोष्टी घडल्या, एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या. कोलकात्याशेजारच्या राजारहाटची शेतं आणि मासळीची तळी यांच्या जागी न्यू टाउन वसवायला पश्चिम बंगाल सरकारने हिडको हे महामंडळ काढलं आणि सायमन टॅथमने दूरच्या सर्व्हरला जोडून देणारा पुटी नावाचा चिमुकला प्रोग्रॅम लोकांसाठी खुला केला. पुढे न्यू टाउनमध्ये आयटीच्या काचेरी इमारती उठल्या, तेव्हा आतल्या कितीतरी रात्रपाळ्या याच पुटीच्या काळ्या खिडकीत जागल्या. सर्व्हर परदेशातला, लॉगिन एकच, आणि एडिटर म्हणून व्हीआय. मग फाइल उघडी ठेवूनच डिस्कमध्ये जागा किती उरली ते बघायचं कसं? कोलन, उद्गारचिन्ह, पुढे कमांड. उत्तर दिसलं की एंटर, पुन्हा फाइलीत.

ही सोय जुनीच. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सनने लिहिलेल्या ईडी या एडिटरमध्ये (धाडी टाकणारी ईडी वेगळी) उद्गारचिन्हानंतरचा मजकूर शेलकडे, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे जायचा. तेव्हाचा टेलिटाइप सेकंदाला जेमतेम १० अक्षरं कागदावर छापायचा. त्यावर एडिटर बंद करा, बाहेर जा, परत या, हे कुणाला परवडणार? आपल्याकडे शेकडो कॉलेजांनी हीच सोय वेगळ्या वेषात पाहिली. टर्बो सीच्या फाइल मेनूत ‘डॉस शेल’ असायचं. पोरं त्यातून बाहेर पडत, एक्झिट टाइप करून परतायचं विसरत आणि तिथूनच पुन्हा टर्बो सी चालवत. मग ६४० केबीतली मेमरी अपुरी पडली की लॅब असिस्टंटच्या नावाने हाका.

इथवर मात्र उद्गारचिन्ह म्हणजे निव्वळ बाहेर डोकावायची खिडकी. खरी करामत पुढची. डग मॅकिलरॉयच्या आग्रहामुळे १९७३ साली युनिक्समध्ये पाइप आले, एका प्रोग्रॅमचं आउटपुट दुसऱ्याला थेट मिळू लागलं. त्यानंतर बर्कलीत बिल जॉयने जो व्हीआय घडवला, त्यात फाइलीतल्या काही ओळी निवडून याच चिन्हाने शेलच्या हवाली करता येत. कमांड त्यांवर काम करी आणि मूळ ओळींच्या जागी निकाल येऊन बसे. सॉर्टला दिल्या की क्रमाने लागल्या, ऑकला दिल्या की हवा तेवढाच रकाना उरला. निकाल पटला नाही तर एक यू दाबा, सगळं पूर्ववत. एडिटरला स्वतःला क्रमवारी लावता येत नसली तरी बिघडत नाही, येणाऱ्याला बोलावता आलं म्हणजे पुरे. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत अक्कलहुशारीची गोष्ट हीच, आणि सर्वांत दुर्लक्षितही.

मराठी माणसाला या सॉर्टमध्ये एक खोडा भेटतो. गावांची यादी साध्या सी लोकॅलमध्ये सॉर्ट केली, तर युनिकोडच्या अनुक्रमामुळे ळ येतो लनंतर लगेच. म्हणजे कळवण आधी, कवठे महांकाळ नंतर. आपल्या वर्णमालेत ळ हच्या पलीकडे, तेव्हा कोशात क्रम उलटा. यादी वरवर बिनचूक दिसते, म्हणून चूक लवकर सापडतही नाही.

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरवाल्यांनी तर अख्खं शेलच बफरमध्ये आणून बसवलं. त्यांचं सगळंच अघळपघळ!

उद्गारचिन्हाच्या वाटेने चोरही शिरले. एखाद्याला सुडोने, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या हक्कांनी, फक्त एक फाइल व्हीआयमध्ये उघडायची परवानगी दिली, की उद्गारचिन्हाच्या जोरावर तो रूटचं शेल मिळवतो. म्हणून सुडोएडिट आलं. त्यात एडिटर वापरणाऱ्याच्या नावाने चालतो, त्यामुळे शेलही त्याच्याच हक्कांचं मिळतं. २०१९ मध्ये तर व्हीआयचा वारस असलेल्या विमच्या मोडलाइनमध्ये, म्हणजे फाइलीतच लिहिलेल्या सेटिंगच्या ओळीत, असं भोक सापडलं, की नुसती फाइल उघडली तरी तिच्यात लपवलेली कमांड चालावी. दुरुस्ती झाली, पण तोवर अनेकांनी मोडलाइनच बंद करून टाकली.

२०१५ मध्ये व्हीएस कोड हा एडिटर आला आणि पुढच्या वर्षी त्याच्या खालच्या पट्टीत टर्मिनल दिसू लागलं. २०१८ च्या ८.१ आवृत्तीत विमनेही खिडकीत टर्मिनल दिलं. सोय उत्तम, तक्रार नाही. फक्त वर मजकूर आणि खाली शेल असे दोघे शेजारी झाले आणि देवघेव कॉपी-पेस्टवर आली. न्यू टाउनमध्ये नव्याने रुजू होणाऱ्यांना टर्मिनल झकास वापरता येतं, पण निवडलेल्या ओळी सॉर्टमधून फिरवून दाखवल्या की ते चकित होतात.

आता एडिटरमध्येच एआय मदतनीस आहे. तो स्वतः कमांड लिहितो आणि चालवू का, असं विचारतो. पहिल्या एकदोन वेळा लोक कमांड वाचतात. नंतर ‘नेहमीच परवानगी द्या’ हे बटण दाबतात.