उदासीचे प्रकार

ताप आला म्हणजे आपण म्हणतो, "अंगात ताप आहे." पण डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत. ते विचारतात, "थंडी वाजून येतो का? रोज येतो की दिवसाआड? किती दिवस झाले?" कारण ताप दिसायला एक असला तरी आजार अनेक असतात. हिवताप वेगळा, मुदतीचा ताप वेगळा. आजार वेगळा, म्हणून औषधही वेगळे.

मनाच्या उदासीचेही तसेच आहे. डॉक्टर या आजाराला नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात. तो एकाच तऱ्हेचा नसतो. त्याचे प्रकार आपल्याला माहीत असले, तर घरातले माणूस वेळेवर वाचवता येते.

दुःख वेगळे, आजार वेगळा

पावसाने दगा दिला, पीक गेले, घरातले माणूस गेले, तर दुःख होणारच. तो आजार नव्हे. माणूस रडतो, चार लोकांत बसतो. नातवंड हसले की मधूनच आपणही हसतो. दिवस जातात तसे दुःख हळूहळू हलके होते.

आजारात तसे होत नाही. सण आला तरी मन उठत नाही. आवडीचे भजन नकोसे होते. गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवर हात फिरवावासा वाटत नाही. जेवणाची चव जाते. रात्री झोप लागत नाही, किंवा पहाटे तीनलाच डोळे उघडतात. साधे काम डोंगराएवढे वाटते. "माझा काही उपयोग नाही," असे सारखे मनात येते. असे रोज, दिवसातला बहुतेक वेळ, दोन आठवडे चालले, तर तो आजार समजावा.

पुष्कळ जण मनाचे दुखणे बोलतच नाहीत. "डोकं दुखतं, छाती भरून येते, हातापायात त्राण नाही," एवढेच सांगतात. म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवले पाहिजे.

पहिला प्रकार : मोठी उदासी

समजा, एक कष्टाळू शेतकरी आहे. पहाटे उठून रानात जाणारा. तोच आता दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. घरचे म्हणतात, "आळस चढलाय याला." पण बघा, आळशी माणसाला आपल्या आळसाचे वाईट वाटत नाही. हा माणूस तर आतून जळत असतो. आपण घरावर ओझे झालो, असे त्याला वाटते. उठावेसे वाटते, पण उठवत नाही. ही मोठी उदासी.

कधी ती फारच वाढते. कोणी नसताना आवाज ऐकू येतात. "मी मोठं पाप केलंय," असे माणूस धरून बसतो. मग लोक म्हणतात, "याला बाहेरचं झालंय." बाहेरचे काही नसते. तो याच आजाराचा जोर असतो. अशा वेळी अंगाऱ्या-धुपाऱ्यात दिवस घालवू नका. त्याला तडक दवाखान्यात न्या.

दुसरा प्रकार : रेंगाळणारी उदासी

ही बारीक तापासारखी असते. माणूस कामाला जातो, जेवतो, बोलतो. पण कशातच गोडी नसते. असे दोन-दोन वर्षे आणि त्याहून जास्त चालते. लोक म्हणतात, "त्याचा स्वभावच तसा." त्यालाही तेच खरे वाटू लागते. पण हा आजार आहे आणि याला उपचार आहेत.

तिसरा प्रकार : बाळंतिणीची उदासी

बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुष्कळ बायकांना उगाच रडू येते. बहुधा दोन आठवड्यांच्या आत ते आपोआप थांबते. तिला विश्रांती आणि मायेचे दोन शब्द पुरतात.

पण रडू थांबले नाही, बाळाला जवळ घ्यावेसे वाटेना, बाळ झोपले तरी तिला झोप येईना, तर तो आजार समजावा. अशा वेळी सासू म्हणते, "आम्हाला काय पोरं झाली नाहीत?" असे बोलू नये. ती आई वाईट नाही, ती आजारी आहे. स्वतःला किंवा बाळाला काही करावे, असे तिच्या मनात येत असेल, किंवा ती भलतेसलते बोलू लागली, तर तिला एकटी सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

चौथा प्रकार : दोन टोकांचा आजार

यात माणूस काही काळ उदास असतो आणि काही काळ अगदी उलट वागतो. रात्र रात्र झोपत नाही, तरी थकत नाही. भराभर बोलतो. पैसा उधळतो. मोठमोठे बेत करतो. कोणी अडवले तर चिडतो. डॉक्टर याला बायपोलर म्हणतात.

हा प्रकार ओळखणे फार महत्त्वाचे आहे. मोठ्या उदासीवर जी औषधे देतात, तीच नुसती या माणसाला दिली तर तो दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांना नुसती उदासी सांगू नका. "मागं एकदा हा आठ दिवस झोपला नव्हता, घरातलं किडूकमिडूक विकून बसला होता," हेही सांगा. शेजाऱ्याच्या गोळ्या आणून देऊ नका, त्याचे कारणही हेच.

पाचवा प्रकार : दुसऱ्या दुखण्यामागची उदासी

गळ्यात थायरॉईड नावाची एक ग्रंथी असते. तिचे काम मंदावले तर माणूस सुस्त आणि उदास होतो. अंगात रक्त कमी असले तरी थकवा येतो. डॉक्टर रक्त तपासतात, ते यासाठीच. दारूचेही तसेच. "दुःख विसरायला पितो," असे माणूस म्हणतो, पण दारूने उदासी वाढते.

उपचार कसे असतात?

उदासी हलकी असेल तर जाणकाराशी नेमाने बोलून बरे वाटते. याला समुपदेशन म्हणतात. उदासी जास्त असेल तर गोळ्याही लागतात. गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. चार दिवसांत "काही फरक नाही" म्हणून त्या टाकू नका. बरे वाटले तरी डॉक्टर सांगतील तितके महिने घ्या. पेरल्या दिवशी कणीस येत नाही.

"मन घट्ट कर" असे आजाऱ्याला सांगून भागत नाही. मोडलेल्या पायाला "चाल" म्हटले म्हणून तो चालतो का?

सर्वांत मोठा धोका

या आजारात जीव द्यावा असे मनात येते. कोणी म्हणाले, "आता जगून काय करायचं?" तर ते हसण्यावारी नेऊ नका. जवळ बसून सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट माणसाचे मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीचे औषध घरातून हलवा, किंवा कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याजवळ द्या.

पोलिसांच्या भीतीने काही लपवू नका. 2017 चा मानसिक आरोग्याचा कायदा म्हणतो की असा प्रयत्न करणारा माणूस मोठ्या ताणाखाली होता असे धरावे. त्याला शिक्षा नको, उपचार द्यावेत.

कोणाकडे जावे?

गावातल्या आशाताईंना सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथून जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. फोनवरही मदत मिळते. टेली-मानस ही सरकारी सेवा 2022 साली सुरू झाली. तिचा नंबर 14416 आहे. रात्री-अपरात्री केव्हाही फोन करा. पैसे पडत नाहीत, आणि मराठीत बोलता येते.

हा नंबर घरातल्या भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते. आणि हा धडा आज रात्री घरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्यांत कोणी असा असेल, की ज्याने आपले दुखणे अजून कोणाला सांगितलेले नाही.