जखम धुण्याची साधने : खर्च कोठे व कशासाठी

अंबरनाथ व बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत, उल्हासनगरच्या लहान कारखान्यांत आणि रेल्वेमार्गावर अपघात झालेले रुग्ण आमच्या अपघात विभागात नित्य येतात. टाके घालण्यापूर्वी जखमेतील लोखंडाचा कीस, ग्रीस, माती व खडी धुऊन काढणे हे पहिले काम असते. ते नीट झाले नाही तर वरून सुबक दिसणारी जखम आतून चिघळते; हाड उघडे पडलेले असल्यास प्रसंगी अवयवही गमवावा लागतो.

मोठ्या रुग्णालयांप्रमाणे दाबाने धुणारे यंत्र आपण का घेत नाही, अशी विचारणा हितचिंतक करतात. त्याचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

उघड्या अस्थिभंगाच्या २,४४७ रुग्णांवरील 'फ्लो' या आंतरराष्ट्रीय चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. भारतीय रुग्णही तीत होते. जास्त दाब, कमी दाब आणि उंचावर टांगलेल्या सलाईनचा अगदी सौम्य दाब, या तिन्हींत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच आढळले. साबणाच्या द्रावणाने धुतलेल्या रुग्णांत ते १४.८ टक्के, तर केवळ सलाईनने धुतलेल्यांत ११.६ टक्के होते. म्हणून महागड्या यंत्रापेक्षा मुबलक सलाईनवर खर्च करणे आम्हांस इष्ट वाटते. उघड्या अस्थिभंगास त्याच्या तीव्रतेनुसार ३ ते ९ लिटर सलाईन लागते.

लहान जखमांसाठी मोठी सिरिंज पुरते. ३५ मिलिलिटरची सिरिंज व १९ क्रमांकाची सुई यांतून दर चौरस इंचास सुमारे ८ पौंड दाबाची धार मिळते. ती घाण काढते, पण पेशींना सहसा इजा करीत नाही. सुई टोचायची नसते. धार जखमेवर बाहेरून सोडायची असते. सिरिंजला घंटेच्या आकाराचे पारदर्शक कवच लावल्यास रक्तमिश्रित शिंतोडे परिचारिकांच्या डोळ्यांत उडत नाहीत. कावीळ-बी व एचआयव्हीपासून त्यांचे रक्षण करणे हीदेखील आमची जबाबदारी आहे.

पूर्वी आमच्याकडे सलाईनच्या बाटलीस सुईने भोके पाडून जखम धुतली जाई आणि उरलेली बाटली पुढील रुग्णासाठी ठेवली जाई. उघड्या बाटलीत जंतू वाढतात, म्हणून ही प्रथा आम्ही बंद केली. आता अर्धी उरलेली बाटलीही टाकून दिली जाते. हिशेबात हा खर्च उधळपट्टी वाटेल. परंतु चिघळलेल्या एका जखमेचा खर्च त्याहून कितीतरी अधिक असतो. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली आहेत. त्यामुळे निर्जंतुक साधने परवानाधारक उत्पादकांचीच घेऊन त्यांचे बॅच क्रमांक आम्ही नोंदवून ठेवतो.

रुग्णांच्या आप्तेष्टांस नम्र विनंती, की जखमेवर हळद, कॉफी, राख वा टूथपेस्ट लावू नये. पिण्यायोग्य वाहत्या पाण्याखाली जखम धुवावी, स्वच्छ कापडाने झाकावी आणि रुग्णालयात यावे. खोल रुतलेली वस्तू उपसू नये. रक्त वाहत असल्यास प्रथम दाबून धरावे. २६ जुलै २००५ व २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुराचे पाणी आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा पाण्यात जखम भिजली असल्यास ती किरकोळ दिसली तरी डॉक्टरांस अवश्य दाखवावी. धनुर्वाताची लस आणि लेप्टोस्पायरोसिसविषयी सल्ला त्याच वेळी घेता येतो.

सलाईन, सिरिंज व कवच या वस्तूंवर दात्याच्या नावाची पाटी लावता येत नाही. तथापि, आपल्या देणगीचा याहून थेट उपयोग क्वचितच होत असेल.