फादर अनास्तासिओ कोण होते?

फ्लोरेन्स म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर मायकेलअँजेलोचा डेव्हिड येत असेल, नाहीतर कुणाच्या तरी इन्स्टावरचे सूर्यास्ताचे फोटो. १९९०च्या दशकाच्या शेवटी याच शहरातल्या एका चर्चमध्ये एक आफ्रिकन धर्मगुरू काम करायचे. फादर अनास्तासिओ सुंबा बुरा. रविवारी प्रार्थनेला येणाऱ्यांना तेवढंच नाव ठाऊक होतं.

खरं नाव होतं अथानाझ सेरोंबा. आणि इथून पुढे त्याला अहो-जाहो करणं मला तरी जमणार नाही.

एप्रिल १९९४. रवांडात हुतू कट्टरवाद्यांनी तुत्सींची कत्तल सुरू केली होती. शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसं मारली गेली. देशाच्या पश्चिमेला न्यांगे नावाचं गाव आहे. तिथले तुत्सी जीव मुठीत धरून चर्चकडे पळाले. हा काही वेडेपणा नव्हता. आधीच्या दंगलींमध्ये चर्चच्या भिंतींनी लोकांना वाचवलं होतं. बघता बघता आत दीड हजारांच्या आसपास माणसं जमली. चर्च सेरोंबाच्या ताब्यात होतं. या भुकेल्या लोकांना त्याने चर्चच्या बागेतली केळीसुद्धा घेऊ दिली नाहीत. त्यांच्यासाठी प्रार्थना म्हणायलाही नकार दिला.

१६ एप्रिलला बुलडोझर आला. ड्रायव्हरने सेरोंबाला विचारलं, चर्च पाडू का? तो ‘हो’ म्हणाला. वर कुठली बाजू कच्ची आहे तेही दाखवलं. छप्पर आतल्या माणसांवर कोसळलं.

हे सगळं पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात सिद्ध झालं. पण त्याआधी हा माणूस इटलीला पोचला होता, तिथे धर्मशास्त्र शिकत होता आणि वेगळ्या नावाने पुन्हा धर्मगुरू म्हणून उभा राहत होता. १९९९मध्ये एका मानवी हक्क संघटनेने त्याला हुडकून काढलं. तेव्हा तिथल्या चर्चने त्याचीच बाजू घेतली. २००१मध्ये न्यायाधिकरणाने अटकेची मागणी केली, तर इटलीचं सरकार म्हणालं, आमच्या कायद्यात तशी तरतूदच नाही! बराच दबाव आल्यावर फेब्रुवारी २००२मध्ये तो स्वतःच टांझानियातल्या अरुशाला जाऊन हजर झाला.

लॉ करणाऱ्यांनी हा खटला जरूर वाचावा. २००६मध्ये त्याला १५ वर्षांची शिक्षा झाली, कारण न्यायाधीशांच्या मते त्याने वंशसंहाराला ‘मदत’ केली होती. दोन वर्षांनी अपिलात निकाल बदलला: मदत नव्हे, वंशसंहार त्यानेच केला. बुलडोझरला त्याने हात लावला नव्हता, पण त्याच्या होकाराशिवाय ते चर्च पडलं नसतं. शिक्षा जन्मठेपेची झाली.

अटकेची मागणी करणाऱ्या मुख्य सरकारी वकील होत्या कार्ला देल पोंते. बाई खमक्या. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांचे खटलेही त्यांच्याकडेच होते. २००५मध्ये त्यांनी जाहीर आरोप केला, की फरारी क्रोएशियन जनरल आन्ते गोतोविना एका मठात लपलाय आणि व्हॅटिकन मदत करत नाही. व्हॅटिकन म्हणालं, मठ कुठला ते सांगा. डिसेंबरमध्ये गोतोविना सापडला, तो स्पेनच्या तेनेरिफ बेटावरच्या एका हॉटेलात! पुढे २०१२मध्ये अपिलात तो निर्दोषही सुटला. बोस्नियन सर्ब नेता रादोव्हान काराजिच मठांमधून फिरतोय अशाही वावड्या होत्या. तो २००८मध्ये बेलग्रेडच्या बसमध्ये सापडला, लांब दाढी वाढवून, पर्यायी उपचार करणारा डॉक्टर बनून.

म्हणजे दरवेळी दगड चर्चवरच भिरकावला तर नेमही चुकतो आणि फ्लोरेन्ससारख्या खऱ्या प्रकरणात ‘हे तर नेहमीचेच आरोप’ म्हणून हात झटकायची सोय होते. माझ्या मते, अशा आसऱ्याला मोठा कट वगैरे लागतच नाही. ‘आपला माणूस आहे’ एवढं वाटलं की पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही. कॉलेजात, पक्षात, घरातही हे तुम्ही पाहिलं असेल. चर्चच्या आणि त्यातल्या माणसांच्या पापांबद्दल क्षमा मागताना पोप फ्रान्सिस यांनी रवांडाचं नाव घेतलं ते २०१७मध्ये, म्हणजे २३ वर्षांनी.

न्यांगेची फाईल तेव्हाही बंद झाली नव्हती. याच कत्तलीतला आणखी एक आरोपी, तिथला पोलीस निरीक्षक फुलजान्स कायिशेमा, मे २०२३मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या पार्ल गावी पकडला गेला. तोही खोट्या नावाने राहत होता. केप टाऊनच्या कोर्टात त्याला उभं केलं, तेव्हा त्याच्या हातात बायबल होतं.